डावा हात, उजवं पिस्तूल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी भाषेनं डाव्या हाताला फारसं बरं वागवलेलं नाही. एखाद्याला बाजूला टाकून पुढं जायचं, म्हणजे डावलायचं. दोहोंत जे सरस ते उजवं. मुलीचं लग्न लावून दिलं की ती उजवली. एखादं काम अगदीच सोपं असलं की तो डाव्या हातचा मळ. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळच्या पुढं किकवी लागते, तिथल्या आमच्या घरात दखनी बोलली जायची. तिच्यात तर उजवा तो 'सीधा हाथ' आणि डावा तो 'उल्टा हाथ'. म्हणजे सरळ आणि उलटं, निकाल आधीच लागलेला. कविता लिहिणाऱ्याला शब्दांशिवाय दुसरी दौलत नसते, त्यामुळं हे शब्द मला पूर्वीपासून टोचायचे. पण हाच निकाल लोखंडात आणि लाकडातही ओतलेला असतो, हे मला कळलं ते भाचीमुळं.

भाची सतरा वर्षांची आणि पक्की डावखुरी. तिच्या वडिलांचं हायवेलगत टायरचं दुकान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचं ब्राँझपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ सालच्या कुस्तीतल्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. स्वप्नील तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, सराव पुण्यात बालेवाडीला. खेड्यातल्या कितीतरी पोरांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हा खेळ बंगल्यातल्याच मुलांचा नाही. आमच्या पोरीलाही वाटलं. तिनं रायफल न घेता पिस्तूल धरलं, कारण रायफलीबरोबर जाड जाकीट, पॅन्ट, बूट असा सगळा सरंजाम लागतो. पिस्तुलाला हात पुरतो.

आणि अडलं ते हातापाशीच. शहरातल्या ज्या क्लबात ती शिकायला जाऊ लागली, तिथली सगळी पिस्तुलं उजव्या हाताची. शिकवणाऱ्यांनी सहज सांगितलं, "हात बदल. सहा महिन्यांत सवय होईल, पैसेही वाचतील." घरी येऊन ती मला म्हणाली, "मामू, मी लिहिते डाव्यानं, दगड मारते डाव्यानं. नेम तेवढा उजव्यानं कसा धरू?" तेव्हापासून वर्षभर मी तिच्याबरोबर एसटीनं स्वारगेटला, तिथून रेंजवर, असं करतोय. बंदुकीच्या वाटेला मी आयुष्यात गेलो नव्हतो. आता तिथल्या बाकावर बसून जे पाहिलं, विचारलं, वाचलं ते सांगतो.

सुरुवात एअर पिस्तुलापासून होते. दाबलेल्या हवेवर साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो, लक्ष्य दहा मीटरवर. त्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल एकाच हातात, हात खांद्यातून सरळ, मनगटाला कुठलाही आधार नाही. दुसरा हात खिशात नाहीतर कमरपट्ट्यात. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत, चापाचा ताण कमीत कमी पाचशे ग्रॅम. सव्वा तासात साठ नेम.

आता नेम म्हणजे काय? मागच्या पट्टीला एक खाच असते आणि नळीच्या टोकाला माशी. माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. खाच आणि माशी यांच्यात तेहतीस सेंटिमीटर अंतर धरलं, आणि माशी एक मिलिमीटर जरी बाजूला सरकली, तरी दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटर बाजूला जातो. दहाचे सात होतात. म्हणून चाप दाबताना मनगट वळणार नाही, अशी मूठ हवी. सगळा खेळ या मुठीत आहे.

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ साध्या दांड्यासारखी नसते. हाताचा साचा घ्यावा तशी ती कोरलेली असते. अंगठ्याला वेगळा कट्टा, बोटांना खोबणी, तळहाताच्या मांसल भागाला उंचवटा आणि खाली हाताची कड टेकायला वरखाली सरकणारी फळी. उजव्या पायातला बूट डाव्या पायात चढवून बघा, म्हणजे उजवी मूठ डाव्या हातात कशी लागते ते समजेल. नुसती गैरसोय होते असं नाही, हात आत जातच नाही. तेव्हा "आहे तेच पिस्तूल डाव्यानं मार" असं कुणी सांगितलं तर तो उपाय होत नाही. एक तर मूठ बदलायची, नाहीतर माणूस.

माणूस बदलता येतो का? येतो, आणि त्याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण पिस्तुलातलंच आहे. हंगेरीच्या सैन्यातला कारोय टाकाच हा उजव्या हाताचा अव्वल नेमबाज. १९३८ साली सरावात हातबाँब हातातच फुटला आणि तो उजवा हात निकामी झाला. त्यानं कुणाला न सांगता डाव्या हातानं सराव सुरू केला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९४० आणि १९४४ची ऑलिंपिक महायुद्धात बुडाली. १९४८ साली लंडनला तो उतरला. अर्जेंटिनाच्या जगज्जेत्यानं त्याला विचारलं, तू इथं कशाला आलास? शिकायला आलोय, असं तो म्हणाला म्हणतात. पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलात त्यानं विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. चार वर्षांनी हेलसिंकीत पुन्हा घेतलं. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबांनी कुस्तीचं ब्राँझ मिळवलं होतं.

क्लबातल्या शिक्षकांनी टाकाचचीच गोष्ट ऐकवली. म्हणजे बघा, मनात आणलं तर हात बदलतो. पण गोष्ट नीट ऐकायला हवी. टाकाचचा हात गेला म्हणून त्यानं दुसरा तयार केला. क्लबाच्या कपाटात डावी मूठ नव्हती म्हणून त्यानं हात बदलला नव्हता. हरियाणाचा मनीष नरवाल बघा. त्याच्या उजव्या हातात जन्मापासून दोष, म्हणून तो डाव्या हातानं नेम धरतो. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये २०२१ साली पन्नास मीटर पिस्तुलात सुवर्ण, २०२४ला पॅरिसमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलात रौप्य. जो हात चांगला आहे तो वापरायचा, एवढा साधा हिशेब आहे. भाचीचा डावा हात चांगला आहे.

हाताआधी डोळा तपासायचा असतो, ही गोष्ट मात्र मला नवीन होती. आपल्या दोन डोळ्यांतला एक मालक असतो आणि दुसरा त्याच्या मागून चालतो. दोन्ही हात समोर ताणून पंजे असे जुळवायचे, की मध्ये रुपयाएवढी फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून लांबची एखादी वस्तू बघायची. आम्ही दुकानासमोरच्या विजेच्या खांबावरची धोक्याची पाटी घेतली. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला पाटी फटीतच राहिलेली दिसते, तो मालक. भाचीचा मालक डोळाही डावाच निघाला, त्यामुळं हात बदलण्याचा प्रश्नच मिटला. हात डावा आणि डोळा उजवा निघाला, तरी पिस्तुलात निभावतं, मान जराशी वळवली की पुरतं. रायफलीत दस्ता गालाला टेकलेला असल्यानं तसं करता येत नाही.

एअर पिस्तुलात मूठ बदलली की बरंचसं काम झालं. पुढचा टप्पा पंचवीस मीटरचा, राही सरनोबतचा. कोल्हापूरच्या राहीनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. इथलं पिस्तूल पॉइंट टू टू बोअरचं आणि सेमी-ऑटोमॅटिक असतं. म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण त्या धक्क्यानंच रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत जाऊन बसतं. ही पुंगळी बाहेर पडायची खिडकी जवळपास सगळ्या पिस्तुलांना उजव्या अंगाला असते.

त्यानं काय होतं ते रेंजवर उभं राहून बघावं. उजव्या हाताचा नेमबाज उजवा खांदा लक्ष्याकडं करून उभा राहतो, त्याचं अंग डावीकडं वळलेलं असतं. पुंगळ्या त्याच्या पाठीमागच्या बाजूला पडतात, त्याला त्या दिसतही नाहीत. डावखुरा उलट्या बाजूला वळून उभा असतो, म्हणून पुंगळी त्याच्या छातीसमोरून, कधी डोळ्यांसमोरून जाते. रॅपिडच्या फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येतं. त्या तीन सेकंदांत पापणी लवली तर गोळी गेलीच. आणखी एक गंमत. रांगेत सगळे उजवे असले की प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते. मध्ये एक डावखुरी उभी राहिली, की ती आणि तिचा उजवीकडचा शेजारी तोंडाला तोंड. सुरुवातीला भाचीला याचाच जास्त संकोच वाटला. एकमेकांकडं न बघायची सवय लागायला दोघांनाही महिना लागला.

म्हणून सेमी-ऑटोमॅटिक निवडताना डावखुऱ्यानं आधी डावी मूठ मिळते का ते पाहावं. चांगले युरोपीय कारखाने ती देतात. मग पुंगळी कुठं उडते ते हातात घेऊन, प्रत्यक्ष गोळ्या झाडून पाहावं. काही पिस्तुलं ती वर आणि पुढं फेकतात, काही थेट मागं. चित्रावरून हे कळत नाही. चष्मा तर घालावाच. मग खटक्यांकडं यावं: सेफ्टी, मॅगझिन सोडायचं बटण आणि स्लाइड अडवायचा खटका. हे तिन्ही बहुधा डाव्या अंगाला, कारण उजव्या हाताचा अंगठा तिथं पोचतो.

पोलिसांच्या पिस्तुलात हाच मुद्दा जिवावरचा होतो. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ब्राउनिंगच्या धर्तीवर बनलेलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडं वर्षानुवर्षं वापरात आहे. त्याची सेफ्टी डाव्या अंगाला. डावखुऱ्या शिपायाला ती काढायला पकड ढिली करावी लागते, तीही नेमकी जेव्हा करू नये तेव्हा. ग्लॉक कंपनीचं पहिलं पिस्तूल १९८२चं, पण मॅगझिनचं बटण दुसऱ्या बाजूला बसवायची सोय आली २०१०च्या सुमाराच्या चौथ्या पिढीत, आणि स्लाइडचा खटका दोन्ही अंगांना आला २०१७च्या पाचव्या पिढीत. मात्र डावखुरेही काही मुकाट बसलेले नाहीत. मॅगझिनचं बटण ते तर्जनीनं दाबतात. त्यानं पकड सुटत नाही आणि बोट आपोआप चापावरून बाहेर येतं. स्लाइड ते खटक्यानं न सोडता दुसऱ्या हातानं मागं ओढून सोडतात. आणि ती उजवीकडची खिडकी पिस्तूल छातीजवळ घेतल्यावर त्यांच्या नजरेसमोरच येते, आत काडतूस आहे की नाही ते चटकन दिसतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट थ्री टू रिव्हॉल्वर वरून मोडून उघडतं, त्याला डावं-उजवं फारसं कळत नाही. परदेशी रिव्हॉल्वरांचं चक्र मात्र बहुतेक डावीकडंच उघडतं.

हे सांगतोय म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. घरात हत्यार असण्याचं मला कौतुक नाही, आणि कायदाही तसा सैल नाही. एरवी बंदुकीच्या परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण लागतात. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य माणसाला मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालत. आमचं काम सध्या हवेच्या पिस्तुलावर चाललंय आणि तेवढं पुरे आहे.

तेही स्वस्त नाही. परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढं जातं. भाचीच्या आईची भिशी त्यात गेली. म्हणून निवड चुकणं परवडणार नव्हतं. एका विक्रेत्यानं उजव्या मुठीचं जुनं पिस्तूल स्वस्तात दाखवलं, वर म्हणाला, सवय होते हो. आम्ही उठून आलो. दुसऱ्यानं पोरीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडा ओढायला लावल्या आणि त्या मापाची डावी मूठ मागवली. डाव्या मुठीला वाट बघावी लागते. आम्ही अडीच महिने बघितली. तोवर तिनं घराच्या ओसरीवर भिंतीला जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर काळा ठिपका काढून, पाण्यानं भरलेली लिटरची बाटली डाव्या हातात धरून रोज अर्धा तास हात धरायचा सराव केला.

मूठ आली तीही अंगठ्याकडं जरा जाड होती. गावातल्या सुतारानं कानशीनं चार दिवस थोडी थोडी उतरवली. जिथं पोकळ लागत होतं तिथं एम-सील भरलं, ओलं असतानाच हात दाबून ठेवला, आणि वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. दिसायला ती आता काही खास नाही. विकायची वेळ आली तर दुसरा डावखुरा, त्यातही एवढ्याच हाताचा, शोधावा लागेल. मूठ बंद केली की पोरीची माशी खाचेच्या मध्ये येऊन बसते, हे मी तिच्या मागं उभा राहून बघितलंय.