बारा वर्षांनी पुन्हा त्याच क्रूझ कंपनीत: परत जाणाऱ्यांसाठी काय काय बदललंय

मागच्या दोन-तीन भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, पूर्वी क्रूझवर होतो. लग्न झालं, मुलं झाली, जहाज सोडलं. आता दहा वर्षं झाली. जुनी कंपनी परत घेईल का?"

घेते. मला घेतलं. 2011 साली मी साइन ऑफ करून सावंतवाडीला आलो तो राहिलोच, आणि 2023 मध्ये त्याच कंपनीत परत गेलो. मधली वर्षं गोव्यातल्या एका हॉटेलात कॅप्टन म्हणून काम केलं. परत जायचं कारण तुमचं असेल तेच. मुलगी बारावीला, पुढे तिच्या इंजिनीअरिंगची फी, आणि हॉटेलचा पगार दर वर्षी पाचशे रुपयांनी वाढणारा. कंपनीचं नाव इथे घेत नाही. पण आज जे सांगतोय ते बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांना लागू पडतं.

सगळ्यात आधी एक समजून घ्या. आपल्या मनात आपण 'परत' जात असतो. कंपनीच्या आणि कायद्याच्या लेखी आपण जवळजवळ नवीन माणूस असतो. कॉम्प्युटरमध्ये तुमचा जुना क्रू नंबर सापडेल, जुने शेरे सापडतील (ते चांगले असतील तर उपयोग होतो, कॉन्ट्रॅक्ट अर्धवट टाकून पळालेला असेल तर तेही तिथेच लिहिलेलं असतं), पण तुमची पोझिशन तुमच्यासाठी राखून ठेवलेली नसते. मी वेटर म्हणून उतरलो होतो, असिस्टंट वेटर म्हणून चढलो. माझा हेड वेटर माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान होता. पोरगा चांगला होता, मला 'सर' म्हणायचा, आणि त्यामुळे मलाच जास्त अवघडल्यासारखं व्हायचं. याची मनाची तयारी घरी बसूनच करा. तिथे जाऊन "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्या माणसाला क्रू मेसमध्ये शेजारी कोणी बसत नाही.

आता कागदपत्रं. इथे थोडा वेळ घालवू, कारण पैसे इथेच जातात.

सीडीसी म्हणजे आपलं खलाशाचं पुस्तक दहा वर्षांसाठी असतं. मोठी रजा घेतलेल्यांचं हमखास संपलेलं असतं. ते मुंबई, कोलकाता किंवा चेन्नईच्या शिपिंग मास्टरकडून नवीन करावं लागतं, अर्ज ऑनलाइन. इंडोस नंबर मात्र जुनाच चालतो, तो शोधून ठेवा. जुनी सीडीसी रद्दीत घालू नका.

कोर्सेसचं असं आहे की एसटीसीडब्ल्यूच्या नियमांत 2010 साली मनिलाला मोठे बदल झाले आणि ते 1 जानेवारी 2012 पासून लागू झाले. माझ्यासारखे त्याआधी उतरलेले लोक नेमके यात अडकतात. पूर्वी बेसिक सेफ्टीचे चार कोर्स एकदा केले की जन्मभराची निश्चिंती असायची. आता पाण्यात जीव वाचवण्याचा आणि आग विझवण्याचा, या दोन कोर्सेसचं रिफ्रेशर दर पाच वर्षांनी लागतं. शिवाय सिक्युरिटीचं प्रशिक्षण लागतं, आणि प्रवासी जहाज असल्यामुळे गर्दी सांभाळण्याचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी बॉयलर सूट घालून, लाइफ जॅकेट बांधून तलावात उडी मारताना बाजूला सगळी विशीतली पोरं होती. एकाने विचारलं, "अंकल, तुम्ही इन्स्ट्रक्टर का?"

मेडिकल दोन वर्षांच्या वर चालत नाही, आणि ते मान्यताप्राप्त डॉक्टरकडूनच करावं लागतं. चाळिशीनंतर खरी परीक्षा इथे आहे. साखर, रक्तदाब, वजन, तिन्ही बघतात. काही कंपन्या पोटाची सोनोग्राफी मागतात, कारण पित्ताशयात खडे असतील आणि भर समुद्रात दुखू लागलं तर माणसाला हेलिकॉप्टरने न्यावं लागतं. म्हणून माझा सल्ला: कोर्सचे पैसे भरण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन एवढं तपासून घ्या. कोर्स आधी आणि मेडिकल नंतर, असं करणाऱ्या दोघांचे पैसे वाया गेलेले मी पाहिलेत. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने बदलली. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पूर्वी दहा वर्षांनी बाद व्हायचं, जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, जुनं कार्डसुद्धा. तेव्हा ती पिवळी घडी कपाटात शोधा.

अमेरिकेच्या बंदरांना लागणारं जहाज असेल तर सी-वन-डी व्हिसा लागतो. आमच्या वेळी ब्रीच कँडीला लिंकन हाऊसच्या बाहेर पहाटेपासून रांग असायची, 2011 च्या नोव्हेंबरपासून सगळं बीकेसीत गेलं.

आणि आता तो विषय ज्यासाठी हा भाग करतोय. एजंट. मला पहिल्या महिन्यातच एकाने सांगितलं, "तुमचा गॅप मोठा आहे, फाइल वर सरकवायला अडीच लाख लागतील." गॅप मोठा असलेला माणूस घाबरलेला असतो, आणि हे त्यांना बरोबर कळतं. तर नीट ऐका. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे एमएलसी, हा जगभरचा कायदा 20 ऑगस्ट 2013 पासून लागू आहे, आणि भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यात स्पष्ट लिहिलंय की नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तुमच्या खिशातून जायला परवानगी आहे ती फक्त सरकारी मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी आणि पासपोर्ट यांच्या खर्चाला. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. कोर्सची फी आपण संस्थेला भरतो ती वेगळी गोष्ट, तिची पावती मिळते. पण 'सर्व्हिस चार्ज', 'प्रोसेसिंग', 'फाइल ओपनिंग' या नावाखाली जे मागतात, ते बेकायदा.

आपल्याकडे भरती करणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स लागतं. त्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे. नाव आणि नंबर तिथे जुळवून बघा, पत्ताही बघा, कारण खऱ्या कंपनीचं नाव वापरून दुसऱ्याच गाळ्यात बसलेले लोक असतात. मी त्या अडीच लाखवाल्याला सोडून कंपनीच्या अधिकृत भरती कार्यालयात गेलो. इंटरव्ह्यूत तीन गोष्टी विचारल्या: का सोडलं होतं, मधे काय केलं, आणि परत सोडून जाणार नाही कशावरून. हॉटेलचं अनुभवाचं पत्र कामाला आलं. मधली वर्षं घरी बसून काढली असती तर अवघड गेलं असतं, असं मला वाटतं.

बरं, जहाजावर काय बदललं? आकार. 1988 साली 'सॉव्हरिन ऑफ द सीज' आलं तेव्हा 73 हजार टनांचं ते जहाज अवाढव्य वाटलं होतं लोकांना. जानेवारी 2024 मध्ये सुटलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ 2 लाख 48 हजार टनांचं आहे, प्रवासी साडेसात हजारांपर्यंत आणि क्रू तेवीसशेच्या वर. आपल्या एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेएवढी माणसं. मी गेलो ते जहाज इतकं मोठं नव्हतं, तरी पहिले चार दिवस आय-95 वर रस्ता चुकत होतो. (नवीन ऐकणाऱ्यांसाठी: आय-95 म्हणजे क्रूच्या मजल्यावरचा, जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांबलचक बोळ. अमेरिकेतल्या हायवेवरून नाव पडलंय.) छोटी जहाजंही गेलेली नाहीत म्हणा. मुंबईहून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' सुटतं ते 1990 चं आहे. रॉयल कॅरिबियनकडून 2008 मध्ये स्पेनच्या पुलमंटुरकडे गेलं, 2016 मध्ये परत रॉयल कॅरिबियनकडे आलं, आणि 2020 च्या शेवटी विकलं जाऊन आपल्याकडे पोचलं. जुन्या कंपनीत परत जाणारे आपण एकटेच नाही.

सुरक्षेचं वातावरण पूर्ण बदललंय. माझ्या रजेच्या पहिल्याच वर्षी, 13 जानेवारी 2012 ला, इटलीच्या जिलिओ बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटलं. 32 माणसं गेली, त्यांत जहाजावरचे कर्मचारीही होते. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल अजून झालेलीच नव्हती, कारण तेव्हा नियमच चोवीस तासांच्या आत घेण्याचा होता. 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल घ्यावी लागते. कोविडनंतर बऱ्याच जहाजांवर प्रवासी ती मोबाइलवर बघतात आणि आपल्या मस्टर स्टेशनवर फक्त हजेरी लावून जातात. त्यांचं सोपं झालं, आपलं नाही. क्रूच्या ड्रिल जास्त कडक झाल्यात, कोणाला काय विचारतील सांगता येत नाही. ट्रे धरता येतो तितकंच मस्टर स्टेशनवर काय बोलायचं हेही पाठ हवं.

कामाचे तास. एमएलसीप्रमाणे चोवीस तासांत किमान 10 तास विश्रांती आणि आठवड्याला किमान 77 तास. ते 10 तास फार तर दोन तुकड्यांत, आणि एक तुकडा निदान सहा तासांचा. आता गंमत बघा. आठवड्याचे 168 तास, त्यातून 77 वजा केले की उरतात 91. म्हणजे 91 तासांपर्यंत काम घेतलं तरी विश्रांतीचा हा नियम मोडत नाही. कायदा आला म्हणून हॉटेलसारखी आठ तासांची ड्यूटी झाली असं समजून जाऊ नका. फरक हा पडला की आता येताना-जाताना पंच करावं लागतं आणि नोंद राहते. त्या नोंदीची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. कोणी "पंच आउट कर आणि मग टेबल लाव" म्हटलं तर तिथेच नकार द्यायला शिका. केबिन मात्र अजूनही दोघांत एक. कन्व्हेन्शनमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र खोली लिहिलीय, पण त्यातून प्रवासी जहाजं वगळली आहेत.

घरी बोलणं सोपं झालं, हे कबूल करायलाच हवं. पूर्वी बंदरात कॉलिंग कार्ड घेऊन फोनपाशी रांग लावायचो. आता केबिनमधून व्हिडिओ कॉल होतो. पण त्याने एक नवीन ताण आलाय: घरचा नळ गळतोय हेसुद्धा डिनर सर्व्हिसच्या आधी कळतं. आणि पूर्वी सगळे क्रू बारमध्ये बसायचे, 'पैसानो' म्हणत एकमेकांना हाका मारायचे (म्हणजे गाववाला, आपल्या पैशाशी संबंध नाही). आता ज्याचा त्याचा मोबाइल.

शेवटी हिशेब. शेवटच्या रात्री पाकिटातून रोख टिप मिळायची ते दिवस बहुतेक मोठ्या कंपन्यांत संपले. सर्व्हिस चार्ज रोजच्या रोज पाहुण्याच्या खात्यात लागतो आणि ठरलेल्या पद्धतीने वाटला जातो. मोठं घबाड मिळत नाही, पण रिकामं पाकीटही मिळत नाही. पगार मोजताना महिन्याचा आकडा बारांनी गुणू नका. समजा महिना 1,000 डॉलर, कॉन्ट्रॅक्ट सात महिन्यांचं, मग दोन महिने घरी बिनपगारी. सात हजार भागिले नऊ, म्हणजे महिन्याला साधारण 778. हा आकडा धरून तुमच्या इथल्या पगाराशी तुलना करा, आणि इथला पीएफ सुटणार असेल तर तोही मांडा.

इन्कम टॅक्सचं वर्ष एप्रिल ते मार्च. त्या वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही इथले रहिवासी. कॉन्ट्रॅक्ट सात महिन्यांचं असलं तरी 15 ऑक्टोबरला चढलात तर एप्रिलपासूनचे 197 दिवस आधीच इथे काढून झालेले असतात, त्या वर्षी एनआरआय होत नाही. तारीख हातात असेल तर बघून घ्या. बहुतेक वेळा नसते.

कारण जॉइनिंग लेटर कधी येईल याचा भरवसा नाही. माझं सांगितलेल्या तारखेनंतर सात आठवड्यांनी आलं, आणि निघायला मिळाले नऊ दिवस. माझ्याबरोबर सिलेक्ट झालेल्या एकाने त्याच दिवशी हॉटेलला राजीनामा दिला होता. ते दोन महिने त्याने मेव्हण्याच्या दुकानात बसून काढले. सिलेक्शनचा ईमेल म्हणजे नोकरी नव्हे. सही केलेला करार, जॉइनिंग लेटर आणि विमानाचं तिकीट, तिन्ही हातात आल्यावरच इथल्या मालकाला सांगा.

मेडिकलबद्दल इतके प्रश्न आलेत की त्यावर पुढचा भाग वेगळा करतोय. साखरेची गोळी चालू असेल तर काय, हे त्यात बोलू.