बर्फाचा खेळ, उन्हाळ्याची मेहनत : सीमेवरच्या खोऱ्याला बायथलॉनचा आधार

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेल्या आंटहोल्ट्स खोऱ्यात जून-जुलैमध्ये दोन कामे एकाच वेळी सुरू असतात. उतारावरच्या कुरणांत शेतकरी गुरांच्या हिवाळी वैरणीसाठी गवत कापून वाळवतात. खोऱ्याच्या वरच्या भागात, तळ्याजवळच्या क्रीडासंकुलात, खेळाडू डांबरी मार्गावरून चाकांच्या स्कीवर धावत येतात आणि रायफलने नेम धरतात. दोन्ही कामांचे फळ हाती येते ते हिवाळ्यात.

बायथलॉन हा स्कीवरील दीर्घ पल्ल्याची शर्यत आणि नेमबाजी यांचा संयुक्त क्रीडाप्रकार. किमान साडेतीन किलो वजनाची रायफल पाठीवर घेऊन खेळाडू बर्फावर काही किलोमीटर धावतो. मध्येच थांबून ५० मीटर अंतरावरील पाच लक्ष्यांचा वेध घेतो आणि पुन्हा धावू लागतो. पोटावर झोपून नेम धरताना लक्ष्याचा व्यास अवघा ४५ मिलिमीटर असतो, तर उभ्याने नेम धरताना तो ११५ मिलिमीटर असतो. बहुतेक शर्यतींत प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे १५० मीटरचा जादा फेरा मारावा लागतो. वैयक्तिक लांब पल्ल्याच्या शर्यतीत फेऱ्याऐवजी वेळेत एक मिनिटाची भर पडते.

उन्हाळ्यात काय घडते?

विश्वचषक मालिका साधारणतः नोव्हेंबरअखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये संपते. महिनाभराच्या विश्रांतीनंतर मे महिन्यापासून नव्या हंगामाची तयारी सुरू होते. म्हणजे वर्षातील सर्वाधिक सराव बर्फाविनाच होतो. अव्वल खेळाडू वर्षाकाठी साधारण सातशे ते नऊशे तास शारीरिक सराव करतात आणि वीस हजारांहून अधिक गोळ्या झाडतात.

या सरावाचा कणा म्हणजे रोलर स्की. आखूड दांड्याच्या दोन्ही टोकांना चाके बसवलेल्या या साधनावरून डांबरी रस्त्यावर बर्फावरच्यासारखीच हालचाल करता येते. त्याला सायकल, डोंगरातील धावणे, लांबच्या चढणी आणि व्यायामशाळेतील ताकदीचे व्यायाम यांची जोड दिली जाते. यातील मोठा भाग मुद्दाम संथ गतीने केला जातो. तासन्‌तास चालणाऱ्या या संथ श्रमातूनच हृदयाची आणि स्नायूंची क्षमता वाढते.

खरी कसोटी असते ती धावणे आणि नेमबाजी यांच्या सांध्यावर. नेमबाजीच्या जागी पोहोचताना खेळाडूच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १७० ते १८० पर्यंत गेलेले असू शकतात. अशा अवस्थेत श्वास आवरून, रायफल स्थिर करून साधारण अर्ध्या मिनिटात पाच गोळ्या झाडाव्या लागतात. त्यामुळे उन्हाळ्यात आधी शांत अवस्थेत आणि नंतर दमछाक झाल्यावर, अशा क्रमाने हाच सांधा पुन्हा पुन्हा घोटला जातो. शिवाय घरच्या घरी रिकाम्या रायफलीने नेम धरण्याचा सरावही चालतो. पवित्रा घेणे, श्वास रोखणे, चाप हलकेच ओढणे या क्रिया विचार न करता घडाव्यात, इतक्या अंगवळणी पाडल्या जातात.

सीमेवरच जन्मलेला खेळ

या खेळाचे सीमेशी नाते जुने आहे. स्की आणि बंदूक यांच्या स्पर्धेची पहिली नोंद १७६७ मधील असून ती नॉर्वे-स्वीडन सीमेवर पहारा देणाऱ्या तुकड्यांशी निगडित आहे. १९२४ च्या शामोनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये लष्करी गस्तीची शर्यत झाली. आजच्या स्वरूपातील बायथलॉन १९६० मध्ये ऑलिंपिकमध्ये आले, तर महिलांसाठी हे दार १९९२ मध्ये उघडले.

आंटहोल्ट्सचा इतिहासही सीमेनेच घडवला आहे. हे खोरे ज्या दक्षिण टायरोल प्रांतात आहे, तो पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा भाग होता. युद्धानंतर तो इटलीकडे गेला. फॅसिस्ट राजवटीत तेथील जर्मन शाळा बंद झाल्या. १९३९ मध्ये जर्मनीत स्थलांतर करा किंवा इटलीत राहून इटालियन व्हा, असा पर्याय लोकांपुढे ठेवण्यात आला आणि सुमारे ७५ हजार लोकांनी घरदार सोडले. १९७२ च्या स्वायत्तता कायद्याने भाषिक हक्कांना बळकटी मिळाली. आज येथील बहुसंख्य लोक जर्मन बोलतात आणि गावांच्या पाट्यांवर दोन नावे असतात : जर्मन आंटहोल्ट्स आणि इटालियन आंतेरसेल्वा. खोऱ्याच्या माथ्यावर २,०५२ मीटर उंचीची श्टालर झाटल ही खिंड आहे. तिच्या पलीकडे ऑस्ट्रिया. इटलीच्या बाजूचा रस्ता इतका अरुंद आहे की वर जाणारी आणि खाली येणारी वाहने ठरावीक वेळेनुसार आळीपाळीने सोडली जातात. हिवाळ्यात तो बंदच असतो.

गावात राहण्याचे कारण

अशा खोऱ्यांपुढचा मूळ प्रश्न तरुणांनी गावात का राहावे, हा आहे. शेतवाडीचे तुकडे न करता ती एकाच वारसाकडे सोपवण्याची जुनी पद्धत दक्षिण टायरोलमध्ये कायद्यानेही जपली आहे. त्यामुळे शेती टिकली, पण इतर भावंडांना उपजीविकेचा वेगळा मार्ग शोधावा लागतो.

बायथलॉनने काहींसाठी तो मार्ग खुला केला. इटलीत लष्कर, काराबिनिएरी हे सशस्त्र पोलीस दल, वित्तीय पोलीस अशा गणवेशधारी दलांची स्वतःची क्रीडापथके आहेत. निवड झालेल्या खेळाडूला दलाचा पगार मिळतो आणि सराव हेच त्याचे मुख्य काम ठरते. रासेन-आंटहोल्ट्स परिसरात वाढलेली डोरोथिया वीरर वित्तीय पोलिसांच्या पथकातून पुढे आली. तिने २०१८-१९ आणि २०१९-२० असे सलग दोन वेळा विश्वचषकाचे सर्वंकष विजेतेपद पटकावले. २०२० ची जागतिक स्पर्धा आंटहोल्ट्सलाच झाली, तेव्हा तिने दोन सुवर्णपदके जिंकली. त्याआधी २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये मिश्र रिलेचे कांस्यपदक जिंकणारे इटलीचे चारही खेळाडू दक्षिण टायरोलचे होते.

पदकांपलीकडचा लाभ गावाला होतो. जानेवारीतील विश्वचषक फेरीसाठी हजारो प्रेक्षक येतात आणि लहान-मोठी निवासगृहे भरतात. उन्हाळ्यात सरावासाठी आलेल्या चमूंमुळेही रोजगार मिळतो. २०२६ च्या मिलान-कोर्टिना ऑलिंपिकमधील बायथलॉनच्या शर्यतीही याच संकुलात झाल्या.

सीमेवरील गावे ओस पडू नयेत, ही चिंता भारतालाही परिचित आहे. केंद्र सरकारची ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजना त्याच हेतूने आखलेली आहे. उत्तराखंडमधील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण आणि स्कीइंग संस्था आहे. गणवेश, बर्फ आणि सीमा यांचे नाते हिमालयातही नवे नाही.

बर्फाचा प्रश्न

आल्प्समधील हिवाळे मात्र उबदार होत आहेत. कमी उंचीवरील केंद्रांना अनेकदा कृत्रिम बर्फाच्या पट्ट्यावर, हिरव्या कुरणांमधून शर्यती भरवाव्या लागतात. स्वीडनमधील ओस्टरसुंड आणि स्वित्झर्लंडमधील दावोस येथे बर्फ उन्हाळाभर लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवला जातो. आंटहोल्ट्सचे संकुल सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तेथील स्थिती तुलनेने सुरक्षित आहे. पण कृत्रिम बर्फाला पाणी, वीज आणि पैसा लागतो आणि थंडीही लागते.

खेळाडू डांबरावर घडवता येतो, हे या खोऱ्याने दाखवून दिले आहे. शर्यत आणि तिच्याबरोबर येणारा रोजगार यांसाठी मात्र बर्फाला पर्याय नाही. कापलेले गवत कोठारात साठवता येते, तसा हिवाळा साठवता येत नाही. म्हणूनच येथील क्रीडापटूंइतकीच शेतकऱ्यांचीही नजर आता प्रत्येक नोव्हेंबरमध्ये आकाशाकडे लागलेली असते.