तुकोबा मालिकेत, प्रेक्षक सीमेपलीकडे

जुन्या काळातील कवीच्या चरित्रावर दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यातच प्रेक्षकांत दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असते की, कवीला आजच्या बोलीत बोलायला लावून त्याचा काळच पुसून टाकला. दुसऱ्याचे म्हणणे असते की, आजच्या बोलीत बोलला म्हणूनच तो घरातल्या लहानांना कळला. मराठीत हा वाद संत तुकारामांभोवती पुन्हा पुन्हा झडत आला आहे. त्याची चर्चा मात्र बहुधा पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला समोर ठेवून होते. मराठी प्रेक्षक महाराष्ट्राच्या सीमेवर संपत नाही, हे गोव्यातील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. गोव्याहून कितीतरी दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतील मराठी घरे विचारात घेतली, तर या वादाचे स्वरूपच बदलते.

नागपूरच्या वेशीवरची मराठी

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके दीर्घकाळ मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. नागपूर-इटारसी लोहमार्गावरील पांढुर्णा आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरील सौंसर या दोन्ही गावांना भोपाळपेक्षा नागपूर कितीतरी जवळचे. संत्र्यांच्या बागा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार, सौंसरजवळच्या जामसावळीचा मारुती यांमुळे हा भाग ओळखला जातो. इथली बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणणारी.

१९५६पूर्वी हा प्रदेश ज्या मध्य प्रांताचा भाग होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यानंतर या भागातील शाळा, कचेरी आणि न्यायालय यांचे माध्यम प्रामुख्याने हिंदी झाले. घरात, शेतात, लग्नकार्यात आणि भजनात मराठी टिकली. परिणामी इथल्या तरुण पिढीला मराठी कानाने येते, डोळ्यांनी कमी येते. देवनागरी वाचण्याचा सराव आहे. पण तो हिंदी पाठ्यपुस्तकांमुळे झालेला.

अशा घरात संतकवीवरील मालिका पोहोचते, तेव्हा ती केवळ करमणूक राहत नाही. महाराष्ट्रातल्या मुलाला तुकोबांचा अभंग पाठ्यपुस्तकात भेटतो, शिक्षक त्याचा अर्थ सांगतात. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या पांढुर्ण्याच्या मुलाला तो आजीच्या तोंडून किंवा भजनी मंडळात भेटतो. आणि त्या दोन्हींखेरीज तिसरी जागा उरते ती दूरचित्रवाणीची.

बदल नवा नाही

तुकोबांना आधुनिक रूप देण्याचा आरंभ मालिकांनी केलेला नाही. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आज तो अस्सल परंपरेचा नमुना मानला जातो. पण त्याच्या काळात तोही एक नवा अर्थच होता. विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा इतका रुजला की पुढच्या पिढ्यांना तोच तुकोबांचा चेहरा वाटू लागला. गौरी यांनी साकारलेली जिजाई ही पोथीतली निव्वळ कजाग बायको राहिली नाही. उपाशी लेकरांच्या काळजीने देवालाही जाब विचारणारी, हसवणारी आणि हळवी करणारी गृहिणी झाली.

त्याहून मोठी गोष्ट एका गीताची. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी तुकोबांच्या वळणावर एक रचना लिहिली. ती इतकी बेमालूम उतरली की ती तुकोबांचीच आहे असे असंख्य श्रोत्यांनी धरून चालले, आणि भजनातही ती त्याच भावाने गाइली गेली. म्हणजे ज्या कलाकृतीला आज ‘मूळ’ मानून नव्या मालिकांना नावे ठेवली जातात, तिनेही कल्पनेची भर घातली होती. काळाने ती भर पचवली, एवढेच.

पुढे चंद्रकांत कुलकर्णी यांच्या २०१२च्या ‘तुकाराम’ या चित्रपटात जितेंद्र जोशी यांनी संसारी, व्यापारी आणि दुष्काळाने हादरलेला तुकाराम उभा केला. २०१७मध्ये रंगभूमीवर आलेल्या प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ने तर तुकोबांना पडद्याआड ठेवून आवली आणि रखुमाई यांनाच समोरासमोर बसवले. गोव्याचे कवी-नाटककार विष्णू सूर्या वाघ यांनीही ‘तुका अभंग अभंग’ या नाटकातून तुकोबांचा विषय हाताळला. प्रत्येक पिढीने आपल्या प्रश्नांसह देहूची वाट धरली आहे.

रोजच्या मालिकेची अडचण

चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो. मालिकेचे गणित निराळे असते. आठवड्याला सहा भाग आणि प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा धरला, तर वर्षाला शंभर तासांहून अधिक चित्रण लागते. चिन्मय मांडलेकर यांनी तुकोबांची भूमिका केलेली ‘तू माझा सांगाती’ ही मालिका २०१४ ते २०१८ अशी जवळपास चार वर्षे चालली. इतका वेळ भरून काढील एवढे चरित्र उपलब्ध आहे का?

तुकोबांचा देहान्त १६५०चा, हे बहुतेकांना मान्य आहे. जन्मवर्षाबद्दल मात्र एकमत नाही. त्यांच्या गाथेतील आत्मपर अभंग, समकालीन शिष्या बहिणाबाई यांचे आत्मनिवेदन आणि सव्वाशे वर्षांनंतर महिपतींनी ‘भक्तलीलामृता’त लिहिलेले चरित्र ही मुख्य साधने. त्यांतून हाती लागणारे प्रसंग मोजके आहेत: १६३०च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, पहिल्या पत्नीचा मृत्यू, दिवाळे निघालेला व्यापार, रामेश्वरभटांचा विरोध, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, अखेरचे प्रयाण. दोन प्रसंगांमधली रिकामी जागा लेखकाला कल्पनेनेच भरावी लागते. मालिकेतील शेजारणींचे संवाद, गावातील कारस्थाने, भावंडांतील रुसवेफुगवे यांचा उगम बहुतेक वेळा इथे असतो.

प्रेक्षकांचे आक्षेपही साधारण तीन ठिकाणी एकवटतात. पहिला भाषेचा. अभंग सतराव्या शतकाच्या मराठीत आणि लगेच पुढचा संवाद आजच्या प्रमाण मराठीत, ही उडी जाणत्या कानाला खटकते. दुसरा पात्रांचा. खलपुरुष अधिक काळा आणि आवली अधिक आधुनिक झाली, अशी तक्रार असते. तिसरा चमत्कारांचा. वह्या तरंगल्या आणि तुकोबा सदेह वैकुंठाला गेले हे जसेच्या तसे दाखवले तर चिकित्सक नाराज, वगळले तर भाविक दुखावलेले. चित्रपट एका दृश्यात हा प्रश्न सोडवतो. मालिकेला तो आठवडाभर ताणावा लागतो, म्हणून वादही आठवडाभर पेटता राहतो.

अन्यत्रचे अनुभव

हा पेच मराठीपुरता नाही. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) यांच्यावरील ‘डिकिन्सन’ ही मालिका २०१९ ते २०२१ या काळात आली. वेशभूषा एकोणिसाव्या शतकाची, पण बोलणे आजच्या तरुणाईचे आणि पार्श्वभूमीला आजचे पॉप संगीत. सुरुवातीला अनेकांना हा पोरकटपणा वाटला. कवयित्री म्हणजे पांढऱ्या वस्त्रांत कोंडून घेतलेली एकाकी स्त्री, या ठरीव चित्राला मात्र तिने तडा दिला आणि नव्या पिढीचा एक वर्ग मूळ कवितांकडे वळवला. मालिका संपल्यावर तिच्यातील काही सामान अ‍ॅमहर्स्ट येथील डिकिन्सन संग्रहालयाला देण्यात आले.

भारतात याच्या उलट उदाहरण १९८८मध्ये दूरदर्शनवर आलेल्या गुलजार यांच्या ‘मिर्झा गालिब’चे. नसीरुद्दीन शाह यांचा अभिनय आणि जगजीत सिंह-चित्रा सिंह यांचा स्वर यांच्या बळावर तिने उर्दू न वाचणाऱ्या हिंदी प्रेक्षकाला गालिबच्या ओळी गुणगुणायला लावले. तिथे काळ बदलला नव्हता. अनोळखी वाटणाऱ्या भाषेला सूर दिला होता. जुना कवी नव्या श्रोत्यापर्यंत नेण्याचे हे दोन निराळे मार्ग आहेत: एकात माणूस जवळ आणला जातो, दुसऱ्यात शब्द.

पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात हा फरक महत्त्वाचा ठरतो. तिथल्या घरात तुकोबा अनोळखी नाहीत. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत भजने रचणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा वारसा विदर्भात आणि त्याच्या आसपास जिवंत आहे. दोन भाषांत भक्ती करणे तिथे कुणाला विचित्र वाटत नाही. त्या प्रेक्षकाला अडतो तो शब्द. पडद्यावरचा तुकाराम जी पुणेरी प्रमाण मराठी बोलतो, ती त्याच्या ‘मले-तुले’पासून दूरची. अभंगाची भाषा तर आणखी जुनी. म्हणजे एकाच भागात त्याला तीन मराठी ऐकाव्या लागतात: कवीची, पात्राची आणि शेजारी बसलेल्या आजीची. भाषा सोपी केल्याचा आक्षेप पुण्यात जितका रास्त, तितका इथे नाही. कारण इथे सोपी भाषा ही त्या जुन्या भाषेकडे जाणारी पहिली पायरी असू शकते.

मोजदादीबाहेरचा प्रेक्षक

प्रश्न असा, की या प्रेक्षकाला काय रुचले वा खुपले हे वाहिन्यांना कळते का? भारतातील प्रेक्षकसंख्या ‘बार्क’ ही संस्था मोजते. मराठी वाहिन्यांची आठवड्याची जी क्रमवारी जाहीर होते, ती ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजारपेठेची असते. गोव्यातील मराठी प्रेक्षक त्या नावात तरी आहे. मध्य प्रदेश मात्र छत्तीसगडसोबत वेगळ्या बाजारपेठेत धरला जातो. त्यामुळे पांढुर्ण्यातील एखाद्या घरात चार वर्षे रोज मराठी मालिका पाहिली गेली, तरी मराठी मालिकांच्या चढउताराच्या ज्या आकड्यांवर कथेची दिशा ठरते, त्यांत ते घर येत नाही.

त्यात २०१९पासून ‘ट्राय’च्या नव्या दररचनेनुसार प्रेक्षकाने वाहिन्या निवडून पैसे मोजायचे असतात. हिंदी पट्ट्यासाठी बांधलेल्या तयार संचात मराठी वाहिन्या असतीलच असे नाही. सीमेपलीकडच्या घराला मराठी ऐकायची तर ती ठरवून, जादा पैसे देऊन घ्यावी लागते. जो प्रेक्षक एवढी तसदी घेतो, त्याचीच प्रतिक्रिया हिशेबात नसावी, ही यातली खरी विसंगती.

गोव्याला हे दुखणे अगदीच परके नाही. इथे राजभाषा कायद्याने मराठीला शासकीय व्यवहारात स्थान आहे, मराठी शाळा आणि दैनिके आहेत. तरीही मराठी मालिकेतला ‘आपला’ माणूस क्वचितच गोव्याचा असतो. पेडण्याशी नाते असलेले संतकवी सोहिरोबानाथ आंबिये अठराव्या शतकात उत्तरेकडे गेले आणि महादजी शिंद्यांच्या ग्वाल्हेर-उज्जैनच्या परिसरात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशात, वावरले. त्यांचे नाव पेडणे तालुक्यातील विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला दिलेले आहे. गोवा आणि मध्य प्रदेश यांना जोडणारे हे चरित्र कुण्या मालिकाकाराच्या नजरेत अजून भरायचे आहे.

काय करता येईल

कल्पनेला बंदी घालणे हा यावरचा उपाय नव्हे. ती १९३६मध्येही घालता आली नसती. पण कल्पना आणि कवीचा शब्द यांतली सीमारेषा प्रेक्षकाला दिसायला हवी. मालिकेत तुकोबांचा अभंग आला, तर तो देवनागरीत पडद्यावर उमटावा आणि सोबत शासकीय गाथेतील त्याचा क्रमांक द्यावा. नवी रचना असेल, तर गीतकाराचे नाव त्याच वेळी दिसावे. कठीण शब्दाचा अर्थ तळाशी एका ओळीत देता येतो. यासाठी फारसा खर्च नाही आणि कथेच्या ओघालाही बाधा नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा लाभ ग्रंथालये आणि विद्यापीठे यांच्यापुरता राहू नये असे वाटत असेल, तर सुरुवात अशा साध्या गोष्टींपासून करता येते. सौंसरचा जो मुलगा शाळेत हिंदी वाचतो, त्याला देवनागरी येतेच. आजी गुणगुणते तो अभंग त्याला पडद्यावर अक्षरांत दिसला, तर कानातली मराठी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांसमोर येईल. मालिकेतला तुकाराम अस्सल की आधुनिक, याचा निवाडा मग तो गाथा उघडून स्वतःच करू शकेल.