शिबिर संपल्यानंतर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार होते, तेव्हा पांढुर्ण्यात डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असतात. जखमींचा आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो. त्यांतील एखाद्याचा डोळा कायमचा गेला, तर पुढील पोळ्यापर्यंत त्या घराचे काय झाले, हे विचारणारा मात्र आमच्या पाहण्यात नाही. अपंगांसाठी चालणाऱ्या अनेक सेवांची गत अशीच आहे. त्या प्रसंगापुरत्या येतात आणि मोजदाद आटोपून निघून जातात.

कायद्याने हात आखडता घेतलेला नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तथापि या हक्कांची वाट प्रमाणपत्रावरून जाते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा होईपर्यंत आपल्या भागाचे जिल्ह्याचे ठिकाण सिल्लेवानी घाटापलीकडे होते. उपचार नागपूरला, कागद छिंदवाड्याला. घरात मराठी, अर्जात हिंदी. अशा ओढाताणीत मजुरी बुडवून किती खेपा घालाव्यात? सौंसरजवळच्या जामसावळीस मारुतीच्या पायाशी मनोरुग्णांना घेऊन बसलेली कुटुंबे पाहिली, की वाटते, येथे निदान त्यांना कोणी ‘उद्या या’ म्हणत नाही. त्यांच्या श्रद्धेला आम्ही नावे ठेवणार नाही. पण औषधाची वाटही त्यांना तितकीच सोपी असावयास हवी.

दोष केवळ इतरांचा नाही. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात आमच्या विद्यार्थ्यास हाताने चालवावयाची तीनचाकी सायकल मिळाली. लाभार्थ्यांच्या यादीवर शाळेतर्फे सही आमचीच होती. मेंदूच्या पक्षाघाताने त्या मुलाचे हातही आखडलेले होते, हे आम्हांस ठाऊक होते; तरी टाळ्यांच्या गजरात आम्ही बोललो नाही. वर्षभराने त्याच्या घरी गेलो, तेव्हा सायकल गोठ्यात उभी होती, तिच्यावर कडबा रचलेला होता आणि मूल आईच्या कडेवर होते. ते तेव्हा दहा वर्षांचे होते.

ओशाळून आम्ही विचारले, “आणखी काय हवे?” ती म्हणाली, “गुरुजी, ऐतवारी दोन घंटे कोनी याच्यापाशी बसन काय? मले मायची भेट घिऊन येता येईन.”

कोणत्याही अर्जात या मागणीसाठी रकाना नव्हता. जन्मभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हांस त्या दिवशी खरी प्रश्नपत्रिका मिळाली. दिलेले साधन वर्षाने वापरात आहे काय? मूल आठवड्यातून किती दिवस उंबरठा ओलांडते? सांभाळणाऱ्या आईला उसंत मिळते काय? आणि आईबापांच्या पश्चात त्याचे कोण? किती साधने वाटली, हा आकडा या प्रश्नांच्या उत्तरांनंतर यावा.

त्या मुलासाठी गावच्या सुताराने मापाची, पट्टे लावलेली खुर्ची करून दिली. तीत बसून तो वर्गात येऊ लागला. रविवारी शाळेतील दोन शिक्षक पाळीपाळीने त्याच्यापाशी बसत. फार मोठे काम नव्हे. पण ती माउली माहेरी जाऊन आली.

वाचकहो, आपल्या मंडळांतून गणेशोत्सवाला वर्गणी निघते, हळदीकुंकवाला घरे जोडली जातात. त्याच ओळखीतून प्रत्येक आळीतले असे एक घर शोधावे. जाताना भेटवस्तू नेऊ नये. दोन तास न्यावेत.