फेब्रुवारीचे तीनशे

महिन्याची पहिली तारीख आली की आमच्या घरात दोन विधी होतात. सौभाग्यवती वाण्याची यादी काढतात आणि पगाराचा कागद पाहून माझी कुरकुर सुरू होते. प्राप्तिकर समजतो. भविष्यनिर्वाह निधी तर आपलाच. पण हा ‘व्यवसायकर’ कसला? मी पडलो कारकून. माझा कसला आलाय व्यवसाय? दरमहा दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे! सर्वांत तोकड्या महिन्याला सर्वांत मोठी कात्री. राज्यघटनेने या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा घातली आहे. ती आमच्या सरकारने अगदी पैन् पै गाठलेली!

“रोजगार हमीसाठी बसवलेला कर आहे तो,” सौ. म्हणाल्या. त्या शिक्षिका, त्यांना असले ठाऊक असते.

ओट्याशी भांडी घासणाऱ्या मावशींचा हात थांबला. “हमी? माझी आई होती की हमीवर!”

मग मी जरा शोध घेतला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला या योजनेचा पहिला प्रयोग झाला. काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, एवढाच त्यांचा साधा आग्रह. पुढे 1972 चा दुष्काळ आला, लाखो माणसे खडी फोडायला बसली, आणि ही कल्पना राज्यभर गेली. तिच्यासाठी 1975 साली व्यवसायकर आला. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता! शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराची चूल पेटती ठेवायची, असा हा व्यवहार.

मावशींना यातले काही ठाऊक नाही. त्यांना आठवते ते वेगळेच. “आई नालाबंडिंगला जायची. मुकादम टेप लावून खड्डा मापायचा. मुरूम लागला की माप भरायचं नाही, मजुरी कमी. पैसेबी उशिरानं. पण त्या साली आमची म्हैस विकावी लागली नाही, साहेब.”

म्हैस विकावी लागली नाही! माझ्या दोनशे रुपयांचा असा हिशेब मला कोणी दिला नव्हता.

तरीही कुरकुरीला जागा उरतेच. 2005 साली केंद्राने देशासाठी असाच कायदा केला आणि अकुशल मजुरीचा पैसा दिल्लीहून येऊ लागला; आमची कपात मात्र तशीच राहिली. शिवाय हमी होती ती खेड्यातल्या अंगमेहनतीला. आमचा पुतण्या बी.कॉम. होऊन दोन वर्षे घरी बसला होता. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले, कार्ड मिळाले, बोलावणे मात्र आले नाही. पदवी घेतलेल्याला ‘पंधरा दिवसांत काम’ असे कोणी लिहून दिलेले नाही. त्याच्या आईने देवापुढे ठेवलेले ते कार्ड पाहिले की मला बोलवत नसे.

गेल्या महिन्यात त्याला एका गुदामात हिशेबनिसाची नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला, आणि बसल्याबसल्या खिशातून कागद काढून म्हणाला, “काका, हे दोनशे कशाचे हो कापलेत?”

मी म्हटले, “थांब. मावशी येतीलच एवढ्यात.”