सोल्डरवर भार नको

गतवर्षी गणेशोत्सवात आमच्या चिंचवडच्या सोसायटीत मुलांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. माझा भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. गिटार तोच वाजवत होता, आणि गिटारचा स्वर जाडसर, किंचित फाटल्यासारखा करणारे पेडलही त्याने सुटीत स्वतः घरी जोडलेले होते. दुसऱ्या गाण्यात त्याने पायाने खटका दाबला, एकदाच करकर झाली आणि आवाज गेला. समोर आजोळची सारी मंडळी बसलेली. पुढचा कार्यक्रम पेडलविना पार पडला. पण मुलाचा चेहरा उतरला तो उतरलाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पेटी उघडली. दोष त्याचा नव्हता, माझ्या दुकानाचा होता. ते कसे, हे सांगण्यापूर्वी या वस्तूची थोडी ओळख करून देतो.

पेडल म्हणजे सुमारे 11 सेंटीमीटर लांब आणि 6 सेंटीमीटर रुंद अशी ॲल्युमिनियमची ओतीव पेटी. आत 9 व्होल्टची बॅटरी, एक-दोन ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर आणि कपॅसिटर. 1962 मध्ये अमेरिकेत माएस्ट्रो एफझेड-1 हे अशा जातीचे पेडल बाजारात आले, तेव्हापासून ही विद्या हौशी लोकांच्या हाती आहे. मुंबईत आदित्य नंदवाना यांनी ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन या नावाने पेडलांचाच व्यवसाय उभा केला, हे कळल्यावर मीही याला पोरखेळ म्हणणे सोडले. रेडिओ फळीवर बसतो, घड्याळ भिंतीवर टांगलेले असते. पेडलवर मात्र माणूस बुटाच्या पायाने दाब देतो. प्रत्येक दाबागणिक आतला प्रत्येक भाग हादरतो.

भाच्याच्या पेटीतला मोठा कपॅसिटर दोन बारीक तारांच्या पायांवर उभा होता, माठाला काठीवर उभे करावे तसा. सोल्डर वीज वाहून नेण्यासाठी असते, वजन पेलण्यासाठी नव्हे. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते; पेडलमध्ये हेच घडते, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या मापाने. पिळाच्या तारेत सोल्डर जिथवर झिरपते तिथवर ती ताठ होते, आणि त्या हद्दीवरच ती मोडते.

हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच उन्हाळ्यात तो दुकानात येऊन म्हणाला होता, “मामा, हे पार्ट घट्ट बसवायला काही आहे का?” मी बेसिनच्या कडेला लावतात ती सिलिकॉनची ट्यूब काढून दिली. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, हे इतकी वर्षे विकत असूनही मला कधी खटकले नव्हते. सुकताना ती ॲसेटिक आम्ल सोडते. बंद पेटीत त्या वाफेला जायला वाट नव्हती. तांब्याच्या तारेचे पदर हिरवे पडले होते, आणि बोट लावताच तार हातात आली.

चाकणला वाहनांची वायरिंग जोडणाऱ्या एका परिचितांकडे मी ती पेटी घेऊन गेलो. त्या पट्ट्यात बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांची वाहने तयार होतात. हादरा हा तिथला रोजचा शत्रू. ते हसले आणि म्हणाले, “शेठ, चिकटवण्याचा विचार शेवटी करायचा.” आधी उंच भाग आडवा पाडायचा, पाय आखूड ठेवायचे, सर्किटची पट्टी स्पेसरवर स्क्रूने कसायची, तारांना थोडी ढील देऊन पट्ट्याने बांधायचे. बॅटरी फोममध्ये दाबून बसवायची. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाची पाठ धातूची असते, तिच्यावर प्लास्टिक चढवायचे. मगच डिंक. तोही न्यूट्रल असे छापलेले, आंबट वास नसलेले सिलिकॉन. भागाच्या बुडाशी वाटाण्याएवढे, आणि एक दिवस पेटी उघडी.

गरम गोंदाची बंदूक घरोघरी असते. तो गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सहज निघतो, हा गुण. पण थंड धातूला तो नीट धरत नाही, आणि मे महिन्यात बंद गाडीत राहिला तर मऊ पडतो. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ, शिवाय खटक्यात झिरपला तर खटका जाम. इपॉक्सीने सारे पक्के होते, इतके की दुरुस्तीच संपते. अमेरिकेतल्या क्लॉन सेंटॉर या पेडलाच्या कर्त्याने तर नक्कल होऊ नये म्हणून सर्किटच इपॉक्सीखाली झाकले. धंद्याचे गुपित म्हणून ते समजू शकते. तरी कालांतराने लोकांनी ते खरवडून वाचलेच.

आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास येईल, म्हणून सांगतो. सुताराचा जुना सरस कातडी-हाडांपासून होतो; बंदुकीतली कांडी प्लास्टिकची असते. गिटारच्या पिकअपची वेटोळी थरथरू नयेत म्हणून ती मेणात बुडवतात, त्यात मधमाश्यांचे मेणही वापरतात. नुसत्या पॅराफिनने काम भागते.

आता आमच्या दुकानात त्या दोन ट्यूबा दोन वेगळ्या फळ्यांवर आहेत, आणि कशासाठी हवी हे विचारल्याशिवाय नोकर हात घालत नाही. भाच्याने पेडल नव्याने जोडले. झाकण लावण्यापूर्वी गिटार चालू ठेवून तो लाकडी पेन्सिलीने आतला एकेक भाग हलकेच टोचत गेला. करकर आली की तो जोड पुन्हा करायचा. तीन ठिकाणी आली.