चारी आहे, पाळी नाही

हातातलं यंत्र : लेखांक ७

गळीत हंगामात अंकुशनगरला चहा प्यायचा तर हॉटेलात बाकडं मिळणं कठीण. अंबड तालुक्यातलं हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. उसाच्या गाड्यांची रांग लागली की तिच्यामागोमाग माणसांचीही लागते. अशाच एका सकाळी एक ट्रॅक्टरवाला गल्ल्याजवळ फोन पुढे धरून उभा होता. कोड स्कॅन झालेला, रक्कम टाकलेली आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय.

“वायफाय लागलंय बघा, फुल्ल हाय. पण पैसे जाईनात.”

“मग माझंच वायफाय हाय ना दादा ते,” हॉटेलवाला म्हणाला. “पासवर्ड मीच दिला तुम्हाला.”

दोघांचंही बरोबर होतं. मागच्या लेखांकात टॉवरचं पाहिलं, आज या भांडणाचं पाहू.

इथल्या माणसाला हे कालव्यावरून चटकन कळेल. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर धावतो. त्याच्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेत. तुमच्या बांधापर्यंत चारी आलेली असली म्हणजे पाणी आलं असं कुणी शेतकरी म्हणेल का? पाळी सुटावी लागते. फोनवरची वायफायची खूण फक्त चारीचं सांगते, की फोन आणि राऊटर यांच्यात वाट आहे. राऊटरच्या पलीकडे पाणी आहे की नाही, ही पुढची गोष्ट.

ही वाट तयार होताना काय होतं ते गमतीचं आहे. राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो. फोन ते ऐकतो आणि यादी दाखवतो. आपण नाव निवडून पासवर्ड टाकतो. पण तो पासवर्ड जसाच्या तसा हवेतून जात नाही. दोघं एकमेकांना असं कोडं घालतात की ज्याला पासवर्ड ठाऊक आहे त्यालाच ते सुटेल. कोडं सुटलं की राऊटर फोनला एक क्रमांक देतो, बहुतेकदा १९२.१६८ ने सुरू होणारा. हजेरीपटावर नाव चढल्यासारखंच. क्रमांक मिळाला नाही तर फोन ‘आयपी अॅड्रेस मिळवत आहे’ असं म्हणत अडून बसतो. अशा वेळी त्या नेटवर्कवर बोट दाबून ‘फरगेट’ करावं आणि पासवर्ड नव्याने टाकावा. लहान-मोठी अक्षरं तपासून, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

त्यानंतर फोन एक काम आपल्याला न सांगता करतो. अँड्रॉइड फोन गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी हाक मारतो. तिथून ठरलेलं कोरं उत्तर आलं तर इंटरनेट आहे. उत्तराऐवजी भलतंच पान आलं तर फोन समजतो की मध्ये कुणीतरी दार अडवलंय, आणि ‘साइन इन करा’ म्हणतो. रेल्वे स्थानकावर नंबर आणि ओटीपी मागणारं पान येतं ते असंच. काहीच उत्तर आलं नाही तर वायफायच्या खुणेवर उद्गारचिन्ह लागतं. काही फोन अशा वेळी गुपचूप मोबाईल डेटावर जातात, काही मात्र कोरड्या चारीत पाय रोवून उभे राहतात. आमच्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन दुसऱ्या जातीचा. उद्गारचिन्ह होतंही, पण ते तिळाएवढं. उन्हात डोळे बारीक करून कोण बघतो?

आता रेंजचं. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. आपल्याकडे पहिला पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, दुसरा मोठ्या प्रमाणात २०१८ मध्ये. म्हणून तर घरात राऊटर लावायला सरकारची परवानगी लागत नाही. पाच वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ हळू असला तरी लांब पोहोचतो. पत्र्यापुढे मात्र दोघंही हात टेकतात. राऊटर पत्र्याच्या खोलीत आणि माणसं बाहेरच्या बाकड्यावर, अशी मांडणी असेल तर दोष कंपनीचा नाही. ओल्या पानांत पाणी असतं आणि पाणी या लहरी पितं, त्यामुळे घरातलं वायफाय उभ्या उसातून पलीकडच्या विहिरीपर्यंत न्यायचा हट्ट करू नये. आणि गिऱ्हाईक वाढलं की टेलच्या शेतकऱ्याचं होतं तेच कोपऱ्यातल्या फोनचं होतं: वरचे सगळे भिजवून घेतात, याच्यापर्यंत ओलसुद्धा येत नाही.

हॉटेलात त्या दिवशी गर्दीचा प्रश्न नव्हता. मी गल्ल्यामागे वाकून पाहिलं. फायबरच्या डब्यावर चार-पाच दिवे असतात, त्यातल्या ‘लॉस’ लिहिलेल्याकडे बघायचं. तो एरवी विझलेला बरा. इथे तो लाल होता, म्हणजे काचेच्या तारेतून येणारा उजेडच थांबलेला. कुठेतरी तार तुटली किंवा निखळली असणार. अशा वेळी राऊटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. तक्रार नोंदवायची आणि थांबायचं.

“सकाळी जेसीबी चालू होता तिकडं,” बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं.

ट्रॅक्टरवाल्याने वायफाय बंद केलं, मोबाईल डेटा चालू केला आणि चहाचे पैसे गेले. तेवढ्यात हॉटेलवाल्याचा चेहरा पडला. पैसे आल्याचं सांगणारी त्याची पेटी बोललीच नाही, कारण तीही त्याच वायफायवर. मग ट्रॅक्टरवाल्याने फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. हॉटेलवाल्याने आपला फोन त्याला जोडला, खात्यात रक्कम पाहिली आणि विचारलं, “रांगेत नंबर कितवा हाय दादा तुमचा?”

“लांब हाय अजून.”

“मग बसा की. अजून एक चहा घ्या.”